दोन खिडक्या, एक रांग

सोमवारी सकाळी सरकारी दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीपुढे काय चित्र असतं, ते यवतमाळ जिल्ह्यातल्या पोरांना सांगायला नको. रविवारी ओपीडी बंद. त्यामुळे शनिवारी रात्री ताप चढलेले, रविवारी शेतात पाय मुरगळलेले आणि "पाहू उद्या" म्हणत दोन दिवस खोकत बसलेले असे सगळे सोमवारी एकदम येतात. आधी केसपेपरची रांग, मग डॉक्टरांच्या दाराशी रांग, आणि शेवटी चिठ्ठी हातात धरून गोळ्यांची रांग. भादव्यात घरोघरी ताप सुरू झाला की मग तर विचारूच नका.

रांगेत उभी माणसं हमखास दोन गोष्टी बोलतात. पहिली, "आतला माणूस काहून इतका हळू करते बाप्पा?" आणि दुसरी, "अजून एक माणूस ठेवाले काय होते यायले?"

दोन्ही तक्रारी कधीकधी खऱ्या असतात. पण गंमत अशी की आतला माणूस चपळ असला, कामाला पुरून उरेल इतका असला, तरीही रांग लागतेच. ती का लागते, किती लागेल आणि कुठल्या तासाला किती माणसं बसवली तर ती आटोक्यात येईल, हे आधीच कागदावर मांडता येतं. या गणिताला क्यूइंग थिअरी म्हणतात. आपण त्याला रांगांचं गणित म्हणू.

आपल्या जिल्ह्याला हे गणित फार कामाचं आहे. सोळा तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे २७ लाख ७२ हजार माणसं. यवतमाळ शहरात १९८९ साली सुरू झालेलं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय, पुसद, दारव्हा, पांढरकवडा इथली उपजिल्हा रुग्णालयं, त्याखाली ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार फुकट झाले. पैसे लागत नाहीत, वेळ मात्र द्यावा लागतो. आणि ज्याची रोजमजुरी बुडते, त्याच्यासाठी वेळ म्हणजे पैसाच की.

आता आधी खेळ खेळू, बोलू नंतर.

सापशिडीचे दोन फासे घ्या, एक लाल आणि एक निळा. रंग नसतील तर एकावर पेनानं खूण करा. मूठभर सरकी घ्या. आपल्याकडे सरकी शोधायला लांब जावं लागत नाही. नसेलच तर तुरीचे दाणे चालतील. पाटावर एक चौकोन काढा, ती औषधाची खिडकी. प्रत्येक दाणा म्हणजे चिठ्ठी घेऊन आलेला एक माणूस. दोन्ही फासे एकदा टाकले की एक मिनिट झालं.

लाल फाशावर १, २ किंवा ३ पडले तर एक नवा दाणा रांगेत येतो. निळ्यावर १, २, ३ किंवा ४ पडले तर खिडकीतल्या दाण्याचं काम झालं, तो घरी गेला. रांगेत कोणी नसेल तर निळा फासा फुकट गेला, पुढे चला.

इथं खिडकी जोरात आहे. माणसं सरासरी दर दोन मिनिटांना एक येतात आणि खिडकीला एका माणसासाठी सरासरी दीडच मिनिट लागतं. तरी शंभर डाव खेळून बघा. मध्येच तीन-चार दाणे तुंबतील, मग मोकळं होईल, पुन्हा तुंबेल. खिडकीची काही चूक नाही. लाल फाशानं लागोपाठ तीनदा माणूस आणला आणि त्याच वेळी निळा रुसला, एवढंच.

आता नियम बदला. निळ्यावरही फक्त १, २, ३ ला माणूस सुटेल. म्हणजे जितके येतात तितकेच जातात, बरोबरीचा सामना. माझा अंदाज, तुमच्यातले बरेच जण म्हणतील की मग रांग एक-दोघांचीच राहील. खेळा! शंभर डावांनंतर कधी पाच-सहा दाणे असतील, कधी दहाच्या वर, एखाद्या वेळी शून्यही. पण खेळ जितका लांबवाल तितकी मोठी रांग दिसण्याची शक्यता वाढतच जाते. तिला वरची मर्यादाच नाही.

असं का व्हावं? येणारे आणि जाणारे सारखेच, मग जास्तीचे दाणे आले कुठून?

उत्तर निळ्या फाशाच्या त्या फुकट गेलेल्या डावांत आहे. रांग रिकामी असताना खिडकी दोन मिनिटं नुसती बसून राहिली, तर ती दोन मिनिटं लोणच्यासारखी बरणीत भरून ठेवता येत नाहीत. पुढे गर्दी झाल्यावर "काढा ती मघाची दोन मिनिटं" असं म्हणता येत नाही. माणसं मात्र साठून राहतात. एक घरी जात नाही तोवर दुसरा मागे उभाच. रांग शून्याच्या खाली जात नाही, वर मात्र हवी तितकी जाते. सगळ्या रांगांचं मूळ हेच आहे, आणि हे कळलं की पुढचं सगळं गणित सोपं वाटायला लागतं.

आता आकडे बघू. कुठल्याही खऱ्या दवाखान्याचं नाव घेत नाही, आपण मनातल्या मनात एक बांधू. एक खिडकी. प्रत्येक चिठ्ठीला सरासरी दोन मिनिटं. कुणाला अर्धं, कुणाला पाच. म्हणजे खिडकी तासाला तीस माणसं हातावेगळी करू शकते. माणसं मनाला येईल तेव्हा येतात, घड्याळ लावून नाही.

तासाला १५ जण आले तर रांगेत सरासरी २ मिनिटं थांबावं लागतं. ठीक आहे. २४ जण आले तर ८ मिनिटं. तेही चालेल. आता फक्त तीन माणसं वाढवा, २७ करा. थांबणं ८ वरून ११-१२ होईल असं वाटतं ना? होतात १८ मिनिटं! आणि तासाला २९ आले तर ५८ मिनिटं, जवळजवळ एक तास. खिडकीची ताकद तर ३० ची आहे, तरीसुद्धा! बरोबर ३० झाले की आपल्या दुसऱ्या खेळातली गत. दिवस संपेल, रांग संपणार नाही.

म्हणून एखाद्या साहेबांना खिडकीमागचा माणूस पाच मिनिटं मोकळा बसलेला दिसला आणि "याला काम कमी आहे" असं वाटलं, तर त्यांना हे आकडे दाखवावेत. तो मोकळा बसू शकतो म्हणूनच रांग लहान आहे. ज्या खिडकीला क्षणाची उसंत नाही, तिच्यापुढची रांग दाराबाहेर गेलेलीच असते. मोठ्या माणसांनाही हे पटायला वेळ लागतो.

हे गणित पहिल्यांदा मांडलं गेलं ते दवाखान्यासाठी नाही, टेलिफोनसाठी. डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग नावाच्या गावात १८७८ साली आग्नर क्रारुप अर्लांगचा जन्म झाला. वडील शाळामास्तर. अर्लांग १९०८ साली कोपनहेगन टेलिफोन कंपनीत लागला. तेव्हा फोन आपोआप जुळत नसत. एक्स्चेंजमध्ये ओळीनं बसलेल्या ऑपरेटर बाया हातानं वायर खोचून एकाचा फोन दुसऱ्याला जोडत. कंपनीपुढे प्रश्न होता: वायरी किती टाकायच्या, बाया किती बसवायच्या? कमी ठेवल्या तर लोक खोळंबतात, जास्त ठेवल्या तर कंपनीचं दिवाळं.

अर्लांगनं १९०९ साली आपला पहिला लेख छापला आणि १९१७ साली अशी सूत्रं दिली की किती फोन येतात, किती वेळ चालतात आणि वायरी किती, एवढं सांगितलं की खोळंबा किती होईल ते निघतं. हा माणूस नुसता टेबलाशी बसणारा नव्हता. टेलिफोनच्या तारांतली वीज कुठं गळते ते मोजायला तो स्वतः कोपनहेगनच्या रस्त्यांवरून हिंडायचा, मागून शिडी घेतलेला एक कामगार, आणि दोघं मिळून रस्त्यातल्या झाकणाखालच्या खड्ड्यांत उतरायचे. मला तो गणितापेक्षा या शिडीमुळे जास्त आवडतो.

पुढे त्याच्या नावाचं एकक झालं, अर्लांग. ते समजायला अगदी सोपं आहे. आपल्या दवाखान्यात तासाला ५४ माणसं आली, प्रत्येकाला २ मिनिटं, म्हणजे एका तासात १०८ मिनिटांचं काम आलं. १०८ भागिले ६०, बरोबर १.८. हे झाले १.८ अर्लांग. खिडक्या १.८ पेक्षा जास्त हव्यात, म्हणजे कमीत कमी दोन. इथवर तिसरीतलं पोरगंही येईल. खरी मजा पुढे आहे.

दोन खिडक्या आहेत आणि तासाला ५४ माणसं. रांग कशी लावायची? आपल्याकडची नेहमीची तऱ्हा म्हणजे दोन खिडक्या, दोन रांगा. जो ज्या रांगेत शिरला तो तिथंच अडकला. प्रत्येक रांगेला तासाला २७ जण. वरचा हिशोब आठवा, २७ ला सरासरी १८ मिनिटं.

आता खिडक्या त्याच, फार्मासिस्ट तेच, माणसं तितकीच. फक्त रांग एकच करा आणि जी खिडकी मोकळी होईल तिच्याकडे पुढचा माणूस जाईल असं ठरवा. थांबणं किती होतं? साडेआठ मिनिटं! निम्म्याहूनही कमी. पैसा खर्च नाही, भरती नाही, जमिनीवर चुन्याची एक रेघ किंवा हातात एक टोकन.

आता सांगा, वाचलेली साडेनऊ मिनिटं आली कुठून? पुन्हा त्याच फुकट गेलेल्या मिनिटांतून. दोन रांगा असताना कधीकधी डावीकडची खिडकी मोकळी आणि उजवीकडे दहा जण ताटकळलेले असं होतं. एकच रांग असली की कोणी थांबलेलं असताना एकही खिडकी मोकळी बसूच शकत नाही.

खरं तर लोक काय करतात, तर आजी एका रांगेत, नातू दुसऱ्या रांगेत, आणि ज्याचा नंबर आधी येईल त्याच्याकडे दुसरा धावतो. ही आपली गावठी क्यूइंग थिअरी! चूक नाही तिच्यात. पण एकटा आलेला म्हातारा असा दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही.

आणि हो, "माझीच रांग नेहमी हळू सरकते" हे रडगाणं तुम्हीही गायलं असेल. तीन रांगा असतील तर तुमची सगळ्यांत वेगवान असण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनपैकी दोनदा शेजारची कुठली तरी रांग तुमच्या पुढे जाणारच. नशीब फुटकं नाही, साधा भागाकार आहे.

दोनाच्या तीन खिडक्या केल्या आणि रांग एकच ठेवली तर? साडेआठ मिनिटांचं थांबणं जवळजवळ ३५ सेकंदांवर येतं. मिनिटं नव्हे, सेकंद! म्हणजे रांगेतल्या दुसऱ्या तक्रारीत, "अजून एक माणूस ठेवा" या म्हणण्यात दम आहे. पण तो माणूस दिवसभर हवाच असं नाही. कधी हवा ते शोधणं, हे खरं काम.

सकाळच्या चार तासांचं आपण एक चित्र काढू, आकडे माझ्या मनचे. नऊ ते दहा २० जण औषधाच्या खिडकीशी येतात, कारण बाकीचे अजून केसपेपर काढताहेत आणि डॉक्टरांकडे बसलेत. दहा ते अकरा ५४. अकरा ते बारा एकदम ८०. डॉक्टरांनी सकाळपासून लिहिलेल्या चिठ्ठ्या आता इथं येऊन पोचल्या. बारा ते एक २४. बेरीज १७८.

कोणी म्हणेल, दोन खिडक्या चार तास उघड्या ठेवा, २४० माणसं होतील, १७८ म्हणजे किरकोळ. सरासरीनं माणूस असा फसतो! अकरा ते बारा दोन खिडक्या ६० जणांना औषध देतील आणि आलेत ८०. बाराच्या ठोक्याला निदान वीस जण उभेच, आणि त्यांतला शेवटचा आणखी वीस मिनिटं उभा राहणार.

आता असं करा: नऊला एक खिडकी, दहाला दोन, अकराला तीन, बाराला पुन्हा एक. बेरीज करा. आधी दोन माणसं चार तास, म्हणजे आठ तासांचं काम लागत होतं. आता एक अधिक दोन अधिक तीन अधिक एक, सात तास! माणसाचे तास कमी लागले आणि अकरा ते बाराच्या गर्दीतलं सरासरी थांबणं पाच मिनिटांच्या आत आलं. मला हा हिशोब जादूपेक्षा भारी वाटतो, कारण जादूत लपवलेलं असतं आणि इथं सगळं उघडं आहे.

पण तिसरा माणूस आणायचा कुठून? केसपेपरवाल्या भाऊला बसवता येत नाही. चिठ्ठी बघून औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टनंच करायचं, असं १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो, आणि बरोबरच आहे. गोळ्यांची अदलाबदल झाली तर जिवाशी खेळ. मग तो तिसरा फार्मासिस्ट अकरा वाजता काय करत असतो ते बघायचं. बहुतेक वेळा तो आत साठ्याची नोंद करत असतो, नवीन आलेली खोकी मोजत असतो. ते काम नऊला होऊ शकतं किंवा एकनंतर. खोकी रांगेत उभी राहून कंटाळत नाहीत.

गर्दीचा तास बदलतोही बरं का. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी लोक भाजी, बियाणं आणि दवाखाना अशी तिन्ही कामं एका फेरीत उरकतात. आणि आपल्याकडे माणसं एकेक करून येतातच असं नाही. एसटी फाटकाशी थांबली की पंधरा जण एकदम उतरतात. दहा मिनिटं कोणी नाही, मग एकदम पंधरा! तासाला आकडा तेवढाच असला तरी असे घोळक्यानं आले की थांबणं वाढतं. म्हणून हुशार माणूस खिडकीचं वेळापत्रक लिहिण्याआधी एसटीचं वेळापत्रक वाचतो.

तुमच्या आबाजींना विचारा, यवतमाळच्या माणसाला रांग नवी नाही. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्यानं कापूस सरकारी केंद्रावरच विकायचा. दिवाळीच्या मागेपुढे सगळ्यांचा कापूस एकदम घरात येतो आणि केंद्रावर प्रत बघणारे ग्रेडर मोजके. मग जिनिंगसमोर बैलबंड्यांची रांग. माणसं बंडीखालीच झोपायची, बैलांना तिथंच कडबा. वर्षभराचा कापूस भागिले वर्षाचे दिवस, असा हिशोब केला तर ग्रेडर पुरेसे वाटतील. पण कापूस काही वर्षभर येत नाही.

औषधाच्या खिडकीकडे परत येऊ. एक युक्ती अजून सांगायची राहिली, आणि तिच्यात एकही माणूस वाढवावा लागत नाही. फेलिक्स पोलाचेकनं १९३० साली आणि अलेक्सांद्र खिंचिननं १९३२ साली एक गोष्ट गणितानं दाखवली: रांग नुसत्या गर्दीमुळे वाढत नाही, प्रत्येकाला लागणाऱ्या वेळात किती कमीजास्त होतं त्यानंही वाढते. तासाला २७ माणसांचा आपला जुना हिशोब घ्या, थांबणं १८ मिनिटं. सरासरी दोन मिनिटंच ठेवा, पण प्रत्येकाला बरोबर दोनच मिनिटं लागतील असं करा, ना अर्धं ना पाच. थांबणं ९ मिनिटांवर येतं, नेमकं निम्मं.

प्रत्येकाला मोजून दोन मिनिटं, हे खरोखर कधी होत नाही. पण त्याच्या जवळ जाता येतं. तापाच्या दिवसांत तीच तीच औषधं जातात: पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, खोकल्याचं औषध. तीन दिवसांच्या गोळ्या आधीच मोजून, नाव आणि कधी घ्यायच्या ते लिहून पाकिटांत भरून ठेवल्या, तर खिडकीशी मोजामोज उरत नाही. वेळही कमी लागतो आणि कमीजास्तही कमी होतं, दुहेरी फायदा. ही पाकिटं भरायची कधी? नऊ वाजता, नाहीतर मघाशी वाचलेल्या त्या आठव्या तासात!

एक धोक्याची सूचना. काही सरकारी दवाखान्यांत आता मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर लवकर निघतो. पहिली रांग छोटी झाली, सगळे खूश. पण ती माणसं गेली कुठं? डॉक्टरांच्या दाराशी, आणि तिथून लवकर सुटली तर औषधाच्या खिडकीशी. रांग एका जागी दाबली की पुढच्या जागी फुगते. म्हणून तिन्ही रांगा एकत्र मोजाव्या लागतात.

मोजायचं कसं, त्याची एक भन्नाट रीत आहे. अमेरिकेतल्या केस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या जॉन लिटल यांनी १९६१ साली ती सिद्ध केली. एकालाही न विचारता, घड्याळ लावून कोणाच्या मागे न फिरता, लोक सरासरी किती वेळ थांबतात ते काढता येतं. दर दहा मिनिटांनी रांगेतली डोकी मोजा आणि सरासरी काढा, समजा १८ आली. तासाला किती नवे येतात ते मोजा, समजा ५४. आता १८ भागिले ५४, म्हणजे एक तृतीयांश तास. वीस मिनिटं! रांग सरळ असो, वेडीवाकडी असो, मध्ये घुसाघुशी होवो, हा भागाकार टिकतो. फक्त रांग सारखी फुगतच चाललेली नको. आईबरोबर दवाखान्यात बसायची वेळ आली तर हे करून बघा, मोबाइलपेक्षा वेळ चांगला जातो.

आता शेवटचं कोडं, आणि हे मी तुमच्यावर सोडणार आहे.

रांगेत चौघं आहेत. सगळ्यांत पुढे आजी, तिच्या चिठ्ठीवर बीपी, शुगर, गुडघे, डोळ्यांचे थेंब असं सगळं. तिला दहा मिनिटं लागणार. मागे तिघं, प्रत्येकाची एकच गोळी, एकेक मिनिट. आजी आधी गेली तर चौघांचं थांबणं ०, १०, ११ आणि १२ मिनिटं, बेरीज ३३. आजी शेवटी गेली तर ०, १, २ आणि ३, बेरीज ६. आजीला तीन मिनिटं जास्त, बाकीच्यांची मिळून तीस मिनिटं वाचली.

मग छोट्या चिठ्ठ्या आधी, असा नियमच करून टाकू? करून बघा. मागून एक गोळीवाले येतच राहिले तर आजीचा नंबर कधी लागेल? ती थोड्या वेळानं उठून म्हणेल, "मायबाई, माहा नंबर येते का नाही आज?" काही ठिकाणी यावर उपाय म्हणून बीपी-शुगरच्या महिनाभराच्या गोळ्यांना वेगळा वार ठरवतात. पण आजीला सोमवारीच ताप आला तर ती सोमवारीच येणार.

तर फासे आणि सरकी पुन्हा काढा. मोठा दाणा म्हणजे लांब चिठ्ठी, त्याच्या निळ्या फाशावर फक्त १ पडला तरच काम झालं. छोट्या दाण्याला १ ते ५ चालतील. आता खिडक्या दोन, म्हणून दर मिनिटाला प्रत्येक खिडकीसाठी निळा फासा वेगळा टाका. एकदा असं खेळा की एक खिडकी फक्त मोठ्यांची आणि एक फक्त छोट्यांची, दोन रांगा. एकदा असं खेळा की दोन्ही खिडक्या सगळ्यांना आणि रांग एकच. दर दहा डावांनी रांगेतले दाणे मोजून वहीत लिहा, मोठे वेगळे आणि छोटे वेगळे. मग चार छोट्यांमागे एक मोठा आला तर काय होतं ते बघा, आणि दोन छोट्यांमागे एक आला तर काय होतं तेही. दोन्ही वेळा उत्तर एकच येतं का?